बातमीचे पैसे कोणी दिले?

निवडणूक खर्चाचा हिशेब हा सहसा कोणी उत्सुकतेने वाचावा असा कागद नसतो. मंडप, खुर्च्या, जीपचं भाडं, हँडबिलं, चहा-नाश्ता. निकालानंतर तीस दिवसांच्या आत उमेदवाराचा माणूस पावत्या जोडून तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे जमा करतो आणि तो फायलीत जातो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघातून असाच एक हिशेब सादर झाला. उमेदवार होते राज्याचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण. एक लाखाहून अधिक मतांनी ते निवडून आले होते. खर्चाची मर्यादा तेव्हा १० लाखांची होती आणि त्यांचा एकूण खर्च ७ लाखांच्या आत होता. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये, केबल टीव्हीवरच्या जाहिरातींवर ६,००० रुपये. ५,३७९ रुपयांत सहा लहानशा जाहिराती आल्या होत्या, त्याही नांदेडच्या ‘सत्यप्रभा’ या स्थानिक दैनिकात.

‘द हिंदू’चे ग्रामीण घडामोडींचे संपादक पी. साईनाथ यांच्याकडे त्याच वेळी कागदांचा दुसरा गठ्ठा होता. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर वर्षानुवर्षं लिहीत आल्यामुळे महाराष्ट्रातल्या गावोगावचे पत्रकार त्यांच्या ओळखीचे होते. मतदान १३ ऑक्टोबरला झालं, निकाल २२ तारखेला लागला आणि २६ ऑक्टोबरला साईनाथांचा पहिला लेख आला. निवडणुकीत वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी बातम्यांची ‘पॅकेजं’ विकली, पैसे नसलेल्या उमेदवारांची नावंसुद्धा पानांवरून गायब झाली, असं त्यांनी लिहिलं. ३० नोव्हेंबरला त्यांनी पुढचा लेख लिहिला, आणि त्यात वर सांगितलेला गठ्ठा उघडला. प्रचाराच्या काळात मराठी दैनिकांनी एकट्या चव्हाणांच्या गौरवासाठी ४७ पूर्ण पानं दिली होती, त्यांतली बरीचशी रंगीत. ‘अशोकपर्व’ या नावाने पुरवण्या निघाल्या होत्या. त्यातल्या एकाही पानावर ‘जाहिरात’ हा शब्द नव्हता.

त्यातला एक मजकूर जरा नीट पाहू. पूर्ण पानाचा लेख. चव्हाण हे तरुण आणि तडफदार नेतृत्व कसं आहे, मुख्यमंत्रिपदाच्या थोड्या काळात त्यांनी किती कामं मार्गी लावली, याचं वर्णन. ‘लोकमत’मध्ये तो ‘विशेष प्रतिनिधी’च्या नावावर छापला गेला. म्हणजे वाचकाच्या लेखी ती त्या दैनिकाच्या बातमीदाराने फिरून, पाहून, विचारून लिहिलेली बातमी होती. तोच मजकूर शब्दशः ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये आला आणि ‘पुढारी’मध्येही आला. ही तिन्ही दैनिकं एकमेकांची स्पर्धक. एकाच जिल्ह्यात एकमेकांचा खप खेचण्यासाठी त्यांचे वितरण प्रतिनिधी पहाटेपासून स्टॉलवर उभे असतात. स्वतंत्रपणे लिहिलेले तीन मजकूर असे अक्षराला अक्षर जुळत नाहीत. तो एकाच ठिकाणी लिहिला गेला होता आणि तिथून तीन ठिकाणी पोचला होता, एवढं तरी त्यातून निश्चित होतं.

चव्हाणांनी पैसे दिल्याचं नाकारलं. वर्तमानपत्रांनीही मोबदला घेतल्याचं नाकारलं. सरकारच्या आणि नेत्याच्या कामगिरीबद्दल आम्ही स्वतःहून छापलं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या पाच वर्षांत पैशाचा व्यवहार कुठेही सिद्ध झाला नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण पुढचं सारं वाचताना ते विसरून चालणार नाही.

पक्षपाताचं मला फारसं भय वाटत नाही. मराठी पत्रकारितेचा जन्मच मतांच्या भांडणात झाला. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तो बाजू घेण्यासाठीच. टिळक आणि आगरकर यांचं जमेना, तेव्हा आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. पुण्यातला वाचक दोन्ही विकत घ्यायचा किंवा एकालाच शिव्या घालायचा, पण कोण कुठल्या बाजूने बोलतो हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. आचार्य अत्र्यांनी १९५६ मध्ये ‘मराठा’ सुरू केला तो संयुक्त महाराष्ट्रासाठी. त्या पत्राने तटस्थ असल्याचा आव कधी आणला नाही. ‘सामना’ शिवसेनेचा, हे १९८८ च्या पहिल्या अंकापासून सगळ्यांना माहीत आहे. या पत्रांनी अन्याय केले, अतिशयोक्ती केली, विरोधकाची टिंगल केली. पण मजकुराखाली एक माणूस उभा असायचा. कोल्हापूर संस्थानाच्या दिवाणावर, माधवराव बर्व्यांवर, ‘केसरी’ आणि ‘मराठा’त आरोप छापले गेले, ते ज्या पत्रांवरून केले ती पत्रं बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. (हा ‘मराठा’ म्हणजे टिळकांचं इंग्रजी साप्ताहिक, अत्र्यांचा दैनिक ‘मराठा’ फार पुढचा.) दोघांची चूक झाली होती. पण त्या चुकीला नाव-गाव होतं, आणि तिची किंमत ज्यांनी छापलं त्यांनीच मोजली.

त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याची गरज नाही. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. नव्या पाक्षिकाची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली तर पैसे देऊनही ती छापायला नकार मिळाला, हे आंबेडकरांनी पुढे स्वतः नमूद केलं. जो समाज पानांवर येऊच शकत नव्हता त्याच्या दृष्टीने पैसे घेऊन छापणं आणि पैसे देऊनही न छापणं, दोन्ही दारं बंदच होती. पुढे २००९ मध्येही पॅकेज न घेणाऱ्या लहान पक्षांच्या, अपक्षांच्या उमेदवारांना हाच अनुभव आला. त्यांच्या सभा झाल्या, पण छापून आल्या नाहीत.

मग २००९ चं ते पान कुठून आलं? ते एका ऑक्टोबरात आकाशातून पडलं नाही. त्याचा धागा पैशाकडे जातो. वर्तमानपत्राचा खर्च वाचक भरतो की जाहिरातदार, या प्रश्नाकडे. आणि या प्रश्नाची देशातली सगळ्यांत मोठी लढाई एका पुणेरी दैनिकाने लढली आहे.

स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. मोठ्या उद्योगपतींच्या हातात एकेक करून दैनिकं चालली होती. जाहिरातींच्या जोरावर ती जास्त पानं कमी किमतीत देत आणि लहान, जिल्ह्याच्या पत्रांचा जीव घेत. १९५४ च्या अहवालात आयोगाने सुचवलं की पानांच्या संख्येनुसार किंमत बांधून द्यावी. म्हणजे जाहिरातीचा पैसा वापरून कोणी किंमत पाडू शकणार नाही. संसदेने १९५६ मध्ये तसा कायदा केला आणि १९६० मध्ये त्याखालचा आदेश निघाला.

नानासाहेब परुळेकरांचा ‘सकाळ’ तेव्हा सात पैशांना मिळायचा आणि आठवड्याच्या सहा अंकांत मिळून ३४ पानं द्यायचा. नव्या आदेशाप्रमाणे सात पैशांत फक्त २४ पानं देता येणार होती. ३४ पानं हवीत तर किंमत वाढवावी लागणार होती. ‘सकाळ’ काही उद्योगपतीचं पत्र नव्हतं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांनी १९३२ मध्ये ते स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं, आणि पक्षांपासून अंतर ठेवून बातमीला आधी जागा देण्याची शिस्त त्यांनी मराठी दैनिकाला लावली होती. तेच सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६१ मध्ये निकाल आला; तो लिहिला होता न्यायमूर्ती मुधोळकरांनी. किती पानं द्यायची आणि किती वाचकांपर्यंत पोचायचं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, मक्तेदारी रोखण्याचं कारण सांगून सरकार त्यात हात घालू शकत नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि कायदा रद्द झाला.

मला तो निकाल बरोबर वाटतो. पानांची संख्या ठरवणारं सरकार उद्या पानांवर काय असावं हेही ठरवील. आणीबाणीत ते आपण पाहिलंच. पण आयोगाने दाखवलेलं दुखणंही खरं होतं आणि त्यावर दुसरा इलाज कोणी शोधला नाही. न्यायालयाने सरकारचा हात पानावरून काढला. जाहिरातदाराचा हात तिथेच राहिला, आणि पुढच्या चाळीस वर्षांत तो वजनदार होत गेला.

नव्वदच्या दशकात त्याचं रूप उघड दिसायला लागलं. इंग्रजी दैनिकांनी किमती पाडण्याची स्पर्धा सुरू केली आणि भाषिक दैनिकं त्यात ओढली गेली. अंकाची किंमत कागदाच्या खर्चाच्याही खाली गेली. वाचकाला स्वस्त पेपर मिळाला, त्याला त्याचा आनंदच झाला. पण घरी येणाऱ्या अंकाचे खरे पैसे आता तो भरत नव्हता. संपादकाच्या केबिनपेक्षा जाहिरात विभागाच्या केबिनचं महत्त्व वाढलं. २००३ मध्ये टाइम्स समूहाने ‘मीडियानेट’ सुरू केलं आणि मनोरंजनाच्या पुरवण्यांत प्रसिद्धी विकत घेण्याची सोय अधिकृत झाली. त्यानंतर आल्या ‘प्रायव्हेट ट्रीटीज’. कंपनीने जाहिरातीच्या बदल्यात रोख रकमेऐवजी आपले शेअर द्यायचे. म्हणजे ज्या कंपनीची बातमी छापायची तिच्या भावावर छापणाऱ्याचाच फायदा-तोटा अवलंबून. २००९ च्या जुलैमध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने प्रेस कौन्सिलला पत्र लिहून याबद्दल चिंता व्यक्त केली, आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये असे हितसंबंध जाहीर करणं सक्तीचं झालं. शेअर बाजारातल्या गुंतवणूकदाराला जे संरक्षण मिळालं ते मतदाराला मात्र अजून मिळालेलं नाही.

मुंबई-दिल्लीतून हे तालुक्याला पोचलं ते वार्ताहराच्या झोळीतून. मराठी दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या वाढल्या, तालुक्याला पान मिळालं, ही एरवी फार चांगली गोष्ट. गावचा बंधारा फुटला, शाळेला शिक्षक नाही, हे छापून यायला लागलं. पण ते लिहिणारा वार्ताहर बऱ्याच ठिकाणी पगारी नोकर नव्हता, आजही नाही. त्याला जुजबी मानधन, आणि जाहिरात आणली तर कमिशन. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, आवृत्तीचा वर्धापनदिन, साहेबांचा वाढदिवस, प्रत्येकाची पुरवणी आणि प्रत्येक पुरवणीचं टार्गेट. सकाळी ज्या साखर कारखान्याच्या अध्यक्षाकडे शुभेच्छा जाहिरात मागायला जायचं, दुपारी त्याच कारखान्याच्या थकलेल्या ऊसबिलाची बातमी लिहायची. त्याने काय लिहावं अशी आपली अपेक्षा आहे? या माणसाला भ्रष्ट म्हणून हात झटकणं सोपं आहे. त्याला या जागी उभं करणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच चर्चेत येत नाही.

निवडणूक ही या सगळ्या टार्गेटांतली सर्वांत मोठी. साईनाथांनी लिहिल्याप्रमाणे दरपत्रकच तयार होतं. चार लाखांच्या आसपास उमेदवाराची ओळख, मुलाखत, त्याच्या पसंतीच्या काही बातम्या. रक्कम वाढली की विरोधकाविरुद्धचा मजकूरसुद्धा. व्यवहार रोखीचा, पावती नाही. उमेदवाराच्या खर्चात ती रक्कम दिसत नाही, वर्तमानपत्राच्या उत्पन्नात दिसत नाही, आणि वाचकाला ती जाहिरात आहे हे कळत नाही. एकाच व्यवहारात निवडणूक कायदा, आयकर आणि वाचक अशा तिघांची फसवणूक. त्या वर्षी निवडून आलेल्या २८८ आमदारांपैकी १८४ जणांनी आपल्या प्रतिज्ञापत्रात कोटीच्या वर मालमत्ता दाखवली होती. आधीच्या विधानसभेत हा आकडा १०८ होता. पॅकेज कोणाला परवडणार होतं हे यातून समजतं.

महाराष्ट्र एकटा नव्हता. त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत लोकसभा निवडणूक झाली होती. ‘जनसत्ता’चे संस्थापक संपादक प्रभाष जोशी यांनी उत्तरेतल्या हिंदी दैनिकांत विकलेल्या बातम्यांविरुद्ध मोहीम उघडली. सत्तरी ओलांडलेला, हृदयाच्या दुखण्याचा हा माणूस गावोगावी सभा घेत फिरला, आणि ज्या मालकांच्या पत्रांत आयुष्यभर मित्र होते त्यांची नावं घेऊन बोलला. कुलदीप नय्यर, बी. जी. वर्गीस, अजित भट्टाचार्जी हे ज्येष्ठ त्यांच्या सोबत होते. आंध्रात श्रमिक पत्रकारांच्या संघटनेने स्वतःच नमुना पाहणी करून विकलेल्या मजकुराचे पुरावे गोळा केले. आपल्याच धंद्यातली घाण आपण उघड करणं याला फार धैर्य लागतं, आणि हे काम नोकरीवर असलेल्या पत्रकारांनी केलं, याची नोंद राहायला हवी. ५ नोव्हेंबर २००९ च्या रात्री, हैदराबादच्या सामन्यात सचिनच्या १७५ धावा पाहून झाल्यावर, जोशी हृदयविकाराने गेले. साईनाथांचा पहिला लेख येऊन तेव्हा दहा दिवस झाले होते.

प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली. एक परंजय गुहा ठाकुरता, दुसरे आंध्रातले के. श्रीनिवास रेड्डी. दोघांनी राजकारणी, पत्रकार, अधिकारी यांच्याशी बोलून ७१ पानांचा अहवाल दिला. त्यात वर्तमानपत्रांची नावं होती, आरोप होते आणि त्यांवरचे त्यांचे खुलासेही होते. ३० जुलै २०१० रोजी कौन्सिलची बैठक झाली. तिथे मतभेद झाले आणि बहुमताने ठरलं की हा अहवाल प्रसिद्ध करायचा नाही. त्याऐवजी नावं गाळलेला एक छोटा अहवाल सरकारला पाठवला गेला आणि मूळ ७१ पानं ‘संदर्भासाठी’ दप्तरात ठेवली गेली.

कौन्सिलची रचना पाहिली की हे का घडलं ते उमगतं. अध्यक्षांखेरीज २८ सदस्य, त्यांतले २० वृत्तपत्रसृष्टीतले, त्यांत मालक आणि व्यवस्थापकांच्या सहा जागा. हे मंडळ ताकीद देऊ शकतं, निषेध नोंदवू शकतं. दंड करू शकत नाही. एवढ्या दुबळ्या मंडळाच्या हाती एकच खरं हत्यार होतं, नाव छापण्याचं, आणि तेच त्याने म्यान केलं. ज्या संस्था रोज इतरांची नावं छापतात त्यांची नावं छापायला त्यांचीच शिखर संस्था धजावली नाही. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला तेव्हा कुठे तो अहवाल लोकांसमोर आला. माहितीच्या अधिकाराचा कायदा वर्तमानपत्रांच्या बाबतीत वापरावा लागला, ही गोष्ट मला अजून टोचते.

निवडणूक आयोगाने जास्त हिंमत दाखवली. २०१० च्या जूनमध्ये जिल्हाधिकाऱ्यांना सूचना गेल्या, पुढे जिल्हा आणि राज्य पातळीवर माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या समित्या आल्या. २० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली विकेट पडली, उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांची. २००७ च्या निवडणुकीत दोन हिंदी दैनिकांत बातमीच्या रूपात छापून आणलेल्या मजकुराचा खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता. रक्कम होती २१,२५० रुपये. आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं.

भोकरचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं झालं. चव्हाणांविरुद्ध अपक्ष लढलेले माजी मंत्री डॉ. माधवराव किन्हाळकर यांनी आयोगाकडे तक्रार केली, भाजपच्या नेत्यांनीही केली. चव्हाणांचा युक्तिवाद असा होता की हिशेब वेळेत आणि ठरलेल्या नमुन्यात आला की नाही एवढंच आयोगाने पाहावं. तो खरा की खोटा हे तपासायचं असेल तर निवडणूक याचिका करावी. आयोगाने हे मानलं नाही. चव्हाण उच्च न्यायालयात हरले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. हिशेबाचा खरेपणा तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि त्याने ४५ दिवसांत निर्णय द्यावा. हा मोठा निकाल होता. नुसता कागद भरून दिला की सुटलो, ही पळवाट त्याने बंद केली.

१३ जुलै २०१४ रोजी आयोगाने आदेश काढला. हिशेब कायद्याला धरून सादर झालेला नाही, तुम्हाला अपात्र का ठरवू नये याचं उत्तर द्या, अशी नोटीस चव्हाणांना गेली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कायद्यापुढे चव्हाण निर्दोष ठरले. ज्या विधानसभेच्या निवडणुकीवरून हे सुरू झालं तिची मुदत तोवर संपत आली होती. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राने नवी विधानसभा निवडली. ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात चव्हाणांनी मुख्यमंत्रिपद २०१० मध्येच सोडलं होतं आणि २०१४ च्या मे महिन्यात ते नांदेडमधून लोकसभेवर निवडूनही आले होते. मध्य प्रदेशात असंच घडलं. मंत्री नरोत्तम मिश्रा यांना आयोगाने २०१७ मध्ये २००८ च्या निवडणुकीसाठी अपात्र ठरवलं आणि २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

न्यायालयांना दोष देऊन उपयोग नाही. रोखीच्या व्यवहाराला कागद नसतो. देणारा आणि घेणारा दोघेही नाही म्हणतात. साक्ष द्यायची ती त्याच आवृत्तीत काम करणाऱ्या बातमीदाराने. पुराव्याशिवाय कोणाला अपात्र ठरवू नये हेही योग्यच. पण या सगळ्या सुनावण्यांत एक पक्ष कधीच आरोपीच्या जागी नव्हता. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १०-क हे उमेदवाराच्या हिशेबापुरतं आहे. ज्याने मजकूर छापला, त्यावर ‘विशेष प्रतिनिधी’ लिहिलं, त्याच्यापुरतं त्या कलमात काहीच नाही. आयोगाने विचारलं तेव्हा दैनिकांनी पत्राने खुलासे दिले आणि तिथे त्यांचा संबंध संपला. व्यवहार झाला असेल तर तो दोघांत झाला असेल, पण खटल्याला नाव मात्र एकाचंच लागतं.

संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये या विषयावर अहवाल दिला. विधी आयोगाने मार्च २०१५ मध्ये, २५५ व्या अहवालात, पेड न्यूजची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातमीची, व्याख्या करा, देणारा आणि घेणारा दोघांसाठीही तो निवडणूक गुन्हा करा, राजकीय जाहिरात ही जाहिरात आहे हे स्पष्ट छापणं सक्तीचं करा, असं सांगितलं. त्याचा कायदा झाला नाही. १८६७ पासून चालत आलेला छापखाने आणि पुस्तकं यांचा (पीआरबी) कायदा जाऊन २०२३ मध्ये नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आला. त्यातही हे नाही.

जुन्या कायद्याची एक खूण आपल्या रोजच्या अंकात असते. शेवटच्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक टाइपात, मुद्रक-प्रकाशकाचं नाव, छापखान्याचा पत्ता आणि संपादकाचं नाव. संपादकाच्या नावापुढे पुष्कळ दैनिकं लिहीत आली, की पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांच्यावर. इंग्रजांनी ही ओळ सक्तीची केली ती राजद्रोहाचा खटला कोणावर भरायचा हे कळावं म्हणून. पण तिचा अर्थ वाचकाच्याही कामाचा आहे. हा मजकूर निवडणारा कोणीतरी एक माणूस आहे आणि त्याला विचारता येतं. ‘अशोकपर्व’च्या दिवसांतही ती ओळ तिन्ही दैनिकांच्या अंकांत होती. तो पूर्ण पानाचा लेख तुम्ही निवडला का, कुठून आला, त्याच्यासोबत काय आलं, हे त्या ओळीतल्या नावांना शपथेवर विचारलं गेलं पाहिजे.